नाशिकची पाहुणी

माझ्या गुडघ्यांना काहीही झालेलं नाही. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढचं सगळं या गुडघ्यांवरच चालतं. एकसष्टाव्या वर्षीही मी उकिडवी बसून घमेलंभर मिरच्यांची देठं खुडते आणि उठताना जमिनीला हात लावत नाही. पण घरच्या हिशेबी माझे गुडघे तीन वर्षांपासून दुखतात. दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी त्यांना शेक द्यायला नंदुरबारला जावं लागतं. सकाळी आठची एसटी, संध्याकाळी सहाच्या आत घरी. शेकायला दिवसभर कसा लागतो असं कुणी विचारलं, तर मी म्हणते, दवाखान्यात नंबर लावावा लागतो.

खरं म्हणजे मी जाते खायला आणि फिरायला. फाफडा खाते, सोडा पिते, मंगळ बाजार नावाच्या पेठेत नको असलेल्या वस्तूंचे भाव करते आणि एकही न घेता पुढे जाते. दुकानदार कपाळावर आठ्या घालतात. मला त्याचं काही वाटत नाही. घरात मला कुणी काही कमी केलेलं नाही, तेव्हा माझी दया करायची गरज नाही.

प्रकाशा तीर्थाच्या अलीकडे तापीकाठी आमचं गाव. केळी, ऊस, मोठं घर. माझे यजमान रूपचंद सहा वर्षांपूर्वी गेले, मुलगी रंजिता सुरतेला दिलेली. घरात मी आणि माझ्या जेठांचं कुटुंब, म्हणजे यजमानांचे थोरले भाऊ रतिलाल, त्यांची बायको कौसाबाई, मुलगा हेमकांत, सून काजल आणि तिचा लहान लेक. रतिलालांना सगळे अण्णा म्हणतात आणि कौसाबाईंना मी जिजी म्हणते. घरातला शेवटचा शब्द अण्णांचा. ते बोलतात फार थोडं, त्यामुळे तो शेवटचा शब्द बहुतेक वेळा पहिलाच असतो.

आमच्यात जेठाची लाज धरतात. माझ्या लग्नापासून, म्हणजे बेचाळीस वर्षांत, मी अण्णांशी एक शब्द बोललेली नाही आणि त्यांनी माझा चेहरा पाहिलेला नाही. भांडण नाही हं, रीत आहे. ते ओट्यावर असले की माझा पदर नाकाच्या खाली. भाजीत मीठ जास्त झालं, तर ते भिंतीला सांगतात, आणि उद्या कमी घालीन असं मी जिजींना सांगते. लग्नाकार्याच्या सगळ्या फोटोंत मी म्हणजे एक पदर आणि दोन हात. आधार कार्डावर तेवढी उघडी आहे, पण ते कार्ड माझ्या पेटीत असतं आणि त्यावरून मला माझी मुलगीसुद्धा ओळखणार नाही. काजल घरात आली तोवर ही रीत सुटली. ती अण्णांच्या समोर बसून त्यांच्या मोबाइलमधले फोटो त्यांना मोठे करून दाखवते. मला कुणी अजून धर म्हणत नाही, आणि सोड असंही कुणी म्हणालं नाही. सवय जी लागली ती लागली.

पदराखालून जग दिसतं ते गुडघ्यांपासून खालचं. त्यामुळे अण्णांचा चेहरा मला धड आठवायचा नाही, पण पाय मी हजारात ओळखीन. तपकिरी बूट, लेस कधीच काढून टाकलेली, डाव्या बुटाची जीभ बाहेर लोंबणारी. लग्नानंतरच्या पहिल्या आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, याच पदरापायी मी फसले होते. पंगतीत पुरणपोळीवर गरम रसोई, म्हणजे आपली कटाची आमटी, वाढत होते. समोरचं ताट अण्णांचं होतं. वाटी दिसलीच नाही, आणि रसोई ओतली ती माझ्याच उजव्या पायावर. ओरडले नाही, कारण जेठासमोर आवाज काढायचा नसतो. तशीच पुढे वाढत गेले. आंब्याच्या कोयीएवढा तांबूस डाग अजून आहे पायावर.

तर त्या फाल्गुनात माझ्या सोमवारांवर गदा आली. हेमकांतनं नवी गाडी घेतली. गाडी घेतलेला माणूस लोकांना कुठेतरी नेऊन सोडायला कसा उतावीळ असतो ते तुम्हाला माहीत असेल. रविवारी रात्री जेवताना तो मला म्हणाला, काकू, पुढच्या महिन्यापासून एसटीचे धक्के बंद, मीच तुम्हाला दवाखान्यात नेईन, डॉक्टरांनाही भेटीन, तीन वर्षांत फरक कसा नाही ते विचारीन. दवाखाना असता तर डॉक्टर भेटणार ना. काजल म्हणाली, छानच होईल. हेमकांत म्हणाला, उद्या संध्याकाळी अण्णांना विचारतो आणि ठरवून टाकतो. अण्णा हो म्हणाले की संपलं. नंदुरबार संपलं आणि वर माझी चोरी उघडी.

सोमवारी सकाळी अण्णा माझ्याआधीच निघाले होते. ते महिन्यातून तीन-चारदा शहाद्याला बाजार समितीत जातात. मी आठची गाडी धरली. अर्ध्या तिकिटात खिडकी मिळाली. हा आपला शेवटचा सोमवार असेल तर तो रडत घालवायचा नाही, असं मी गाडीतच ठरवलं. नंदुरबारची पहिली दुकानं दिसली की मी पदर डोक्यावरून काढून खांद्यावर घेते आणि कमरेला खोचते. त्या दिवशी जरा जास्तच घट्ट खोचला.

होळी आठ दिवसांवर आली होती. सातपुड्यातली माणसं बाजाराला उतरली होती. काठी गावच्या होळीला जाणारी एक टोळी रस्त्यातच उभी राहून घुंगरं हलवून बघत होती, आणि साखरेच्या हार-कंगनांच्या माळा दुकानादुकानांवर लोंबत होत्या. मी आधी द्राक्षं चाखली, मग एका बाईशी लसणावरून वाद घातला, आणि दहाच्या सुमाराला माझ्या नेहमीच्या फाफड्याच्या दुकानात जाऊन बसले. दुकान म्हणजे एक कढई, तीन बाकडी आणि टेबलं. मी गरम फाफडा, पपईचा संभारा आणि तळलेल्या मिरच्या घेतल्या. नवी चप्पल चावत होती, म्हणून पाय चपलेतून बाहेर काढून ठेवले.

पहिला तुकडा तोंडात घातला आणि टेबलाखाली समोर दोन तपकिरी बूट येऊन थांबले. लेस नाही. डाव्याची जीभ बाहेर.

"आठे कोनी बठेल शे का, ताई?"

हात पदराकडे गेलाच होता. पण माझं डोकं हातापेक्षा थोडं आधी चाललं. नंदुरबारच्या भर बाजारात रतिलाल अण्णांना बघून पदर ओढणारी बाई एकच असणार. ओढला की सापडले. नाही ओढला तर मी कुणीही असू शकते, कारण माझा चेहरा त्यांनी पाहिलाय कुठे? मी हात तसाच संभाऱ्याकडे नेला आणि मान वर केली.

आणि तिथं रूपचंद उभे होते. म्हणजे रूपचंद म्हातारे झाले असते तर असेच दिसले असते. तीच खाली वळलेली हनुवटी, तोच डाव्या भुवईचा उंचवटा. बेचाळीस वर्षं एका छपराखाली राहून मला हे माहीत नव्हतं. घशात फाफडा अडकला. अण्णांनी पाण्याचा ग्लास माझ्याकडे सरकवला.

घरची बोली सोडून मी शाळेतली मराठी काढली. दहावीपर्यंत शिकले आहे आणि मालिका रोज बघते, तेव्हा ती काही गंजलेली नाही. "बसा ना. जागा मोकळीच आहे." जेठाशी बोललेलं माझं हे पहिलं वाक्य.

त्यांनी गाव विचारलं. मी म्हणाले, नाशिक. शहर बघायला आलेय, एकटीच. नाव विचारलं आणि तिथं मी गडबडले, कारण आयत्या वेळी नाव सुचत नाही. तोंडात आलं ते रंजिताच्या मुलीचं. "भूमिका," मी म्हणाले. साठी उलटलेली भूमिका तुम्ही पाहिली आहे का कुठे? अण्णांनी फाफडा मोडला, सावकाश चावला, आणि चांगलं नाव आहे म्हणाले.

मग त्यांनी जिलेबी मागवली. ती आली, संपली, आणि त्यांनी दुसरीसाठी बोट वर केलं. यांची साखर मागच्या महिन्यात किती चढली होती ते घरात सगळ्यांना पाठ आहे. जिजी चहासुद्धा फिका देतात. माझ्याच्यानं राहवलं नाही. "दुसरी नका घेऊ, शुगर वाढेल," मी म्हणून गेले. ते माझ्याकडे बघायला लागले. मी घाईघाईनं म्हणाले की या वयात सगळ्यांनाच असते, आमच्या नाशिकला तर घरोघरी आहे. त्यांनी बोट खाली घेतलं. मला हायसं वाटलं, आणि जरा घमेंडही चढली. किती सफाईनं निभावलं, असं मनात आलं.

आता उठावं आणि पोबारा करावा, असा माझा बेत होता. पण पाहुणी म्हटल्यावर अण्णांच्या अंगात यजमान शिरला. "नाशिकनी पाहुनी, आनी एकलीच वनी? मंग नंदुरबार मी दखाडसू तुमले," ते म्हणाले आणि टोपी सारखी करून उभे राहिले. नाही म्हणायला कारण सुचेना. शिवाय खोटं का बोलू, मला जायचंच होतं. ज्या माणसाचे फक्त बूट पाहिले, तो चालताना काय बोलतो हे ऐकायचं होतं.

आणि बाई गं, किती बोलत होते. घरी भिंतीला चार वाक्यं सांगणारा हा माणूस माणिक चौकापर्यंत थांबला नाही. कोणतं दुकान आधी कुणाचं होतं, कुठल्या गल्लीत त्यांनी विद्यार्थी असताना खोली घेतली होती, कुठल्या वळणावर सायकलवरून पडले होते. हुतात्मा शिरीषकुमारच्या स्मारकापाशी त्यांनी टोपी काढली आणि गप्प उभे राहिले. मीही राहिले. मग त्यांनी मला लिंबाचा सोडा पाजला, बाटलीतली गोटी आत पडताना ऐका म्हणाले. दर महिन्याला ऐकते मी ती गोटी, पण अय्या किती छान, असं नाशिकच्या बाईसारखं म्हणाले. भेळभत्ता घेतला. कांदा वरून जास्त घाला असं मी सांगायच्या आत त्यांनीच सांगितलं. माझ्या ते लक्षातही आलं नाही.

मला पैसे काढू दिले नाहीत. पाहुण्यानं काढायचे नसतात म्हणे. मी मागे अर्धं पाऊल ठेवून चालत होते, सवयच ती. ते दोनदा थांबले आणि मी बरोबरीनं येईपर्यंत उभे राहिले. तिसऱ्यांदा मी आपणहून बरोबरीनं चालले.

मग म्हणाले, मिरची बघितल्याशिवाय नंदुरबार पाहिलं असं होत नाही. रिक्षा करून आम्ही गावाबाहेर पथारीवर गेलो. पथारी म्हणजे मिरच्या वाळत घालायचं उघडं मैदान. हंगाम संपत आला होता, तरी जमीन लाल होती. ओळीनं बसलेल्या बाया देठं खुडत होत्या. अण्णांना ठसका लागला तो थांबेना, डोळ्यांतून पाणी आलं. मला काही झालं नाही. नाशिकच्या बाईला काहीतरी व्हायला हवं होतं हे माझ्या उशिरा लक्षात आलं, आणि मग मीही थोडं खोकून घेतलं. कडेला निंबाखाली बाज टाकलेली होती, तिथं आम्ही टेकलो. एका बाजेवर, मध्ये हातभर अंतर ठेवून.

त्यांनी आपली चोरी आपणहून कबूल केली. घरी सांगतात शहाद्याला जातो, आणि येतात इथं. पंच्याहत्तरी झाली, एसटी फुकट झाली, आणि तेव्हापासून पायांना घर मानवत नाही. बाजार समितीत दोन वर्षांत ते गेलेच नव्हते. मला हसू आवरेना. एकाच घरातून दोन चोर एकाच गावी येत होते, आणि एकमेकांना तोंड दाखवायची चोरी म्हणून इतके दिवस सापडले नव्हते. हे हत्यार आता माझ्या हातात होतं. त्यांनी हेमकांतला हो म्हटलं, तर शहाद्याचं मी जिजींच्या कानावर घालू शकत होते. तेवढं मी मनात नोंदवून ठेवलं.

मग त्यांनी विचारलं, आणि ताई, तुम्ही का येता? का आलात, असं नाही. का येता. तेही मला तेव्हा कळलं नाही. मी बोलायच्या ओघात होते.

"मी घरी गुडघे दुखतात म्हणून सांगते," मी म्हणाले. "घरची माणसं चांगली आहेत. पण इथं माझं तोंड उघडं असतं. मला समोरचं दिसतं. कोण येतंय, कोण हसतंय ते दिसतं. महिन्यातून एक दिवस मला एवढंच पाहिजे असतं. आता तेही जाणार. पुतण्यानं गाडी घेतलीय, तो मला दवाखान्यात घेऊन जाणार म्हणतो."

"गाडी कोनती?" अण्णांनी विचारलं.

"पांढरी," मी म्हणाले.

त्यांनी मान हलवली. मग माझ्याकडे न बघता, समोरच्या लाल जमिनीला सांगावं तसं बोलले.

"मन्हा धाकला भाऊ व्हता, रूपचंद. तो गया. त्यानी बायको शे घरमा. बेचाळीस वरीस व्हयनात, तिना हातनी भाकर खाई ऱ्हायनू. पन कव्हय सांगता उनं नई, का माय, भाकर चांगली व्हयनी."

"मग सांगायचं ना," मी म्हणाले.

"रीत आडवी येस ना, ताई."

मला एकदम रडू आलं. त्या क्षणी, बेचाळीस वर्षांत पहिल्यांदा, मला स्वतःहून पदर हवासा वाटला. पण तो कमरेला घट्ट खोचलेला होता. मिरचीचा ठसका लागला असं म्हणून मी डोळे पुसले, आणि खोकायचं विसरले. आपल्या माघारी आपल्याविषयी चांगलं बोललं गेलं की किती बरं वाटतं. मला वाटलं, हे मला कळलं हे यांना कधीच कळणार नाही.

परत येताना मंगळ बाजारात त्यांनी साखरेचं एक कंगन घेतलं, गुलाबी. होळी आहे, पोरासोरांना होईल, असं म्हणत माझ्या पिशवीत टाकलं. स्टँडवर आलो तेव्हा चार वाजून गेले होते. आता हे आपल्या गाडीत बसतील, मी मागच्या गाडीनं जाईन, असं मी धरून चालले होते. तर ते मला थेट नाशिकच्या फलाटावर घेऊन गेले. गाडी लागलेलीच होती. बसा, जागा धरा म्हणाले. मी म्हणाले, तुम्ही निघा, तुम्हाला उशीर होईल. ते म्हणाले, पाहुण्याला गाडीत बसवल्याशिवाय आमच्याकडे कुणी निघत नाही.

झक मारत मी नाशिकच्या गाडीत चढले. खिडकीत बसले. ते खाली उभे. गाडी हालेना आणि ते हालेनात. कंडक्टर तिकिटं फाडत माझ्याकडे सरकत होता. शेवटी घंटी वाजली, अण्णांनी हात केला, मीही केला. गाडी फाटकाशी पोचेपर्यंत मी जीव मुठीत धरला आणि मग ओरडले की थांबवा, मी चुकीच्या गाडीत बसलेय. कंडक्टरनं मला जे सुनावलं ते लिहिण्यासारखं नाही. खाली उतरून रसवंतीच्या आड उभी राहिले, आमच्या बाजूची गाडी अण्णांना घेऊन गेलेली पाहिली, आणि मगच स्टँडवर परतले.

पुढची गाडी भरून आली. गावात उतरले तेव्हा दिवेलागण झाली होती. फाट्यावरच पदर घेतला. ओट्यापाशी येताना खाली बघितलं. तपकिरी बूट आपल्या जागी होते आणि त्यांच्या शेजारी अण्णांचे पाय. मी नेहमीसारखी भिंतीच्या कडेनं आत गेले. कंगन काजलच्या लेकाच्या हातात दिलं, नंबर उशिरा लागला असं जिजींना सांगितलं आणि चुलीपुढे बसले.

आमच्या चुलीपासून ओटा दाराच्या एका फळीपलीकडे आहे. तिथलं सगळं ऐकू येतं. हेमकांतनं विषय काढला. गाडी, एसटीचे धक्के, काकूंचं वय, डॉक्टरांना भेटणं, सगळं त्यानं नीट मांडलं. माझी भाकरी हातावरच राहिली. शहाद्याचं हत्यार माझ्याकडे होतं, पण निंबाखाली ते बोलल्यापासून ते वापरायची माझी हिंमत उरली नव्हती. मग अण्णा नेहमीप्रमाणे भिंतीकडे तोंड करून, पण जिजींना उद्देशून बोलले.

"तिले सांग, गाडीनं काम नई. गुडघाले चालनं पाहिजे. दर महिनाले एस्टीवर जाऊ दे, एकलीले जाऊ दे."

हेमकांत काही म्हणायला गेला. अण्णा म्हणाले, सांगितलं ना. संपलं. मी हातावरची भाकरी तव्यावर टाकली. जिजी मला सांगायला उठल्या, तेवढ्यात अण्णांनी त्यांना थांबवलं.

"आनी हाई बी सांग. नंदुरबारले जाताना पायमा मोजा घाल म्हना. उजवा पायना डाग दूरथून वळखू येस."

जिजी दारात थबकल्या. उन्हाळ्याच्या तोंडावर मोजे कशाला, असं त्या पुटपुटल्या. हेमकांतला काहीच कळलं नाही.

मी खाली बघितलं. चुलीच्या उजेडात माझा उजवा पाय लुगड्याबाहेर आला होता आणि त्यावर तो डाग. त्यांचे पाय मला पाठ, तर माझे त्यांना पाठ असणार, एवढी साधी गोष्ट माझ्यासारख्या शहाण्या बाईच्या डोक्यात आली नव्हती. फाफड्याच्या टेबलाशी ते आले ते टेबलाखाली बघूनच आले. भूमिका, शुगर, पांढरी गाडी, सगळं त्यांनी ऐकून घेतलं, आणि वर मला नाशिकच्या गाडीत बसवून मजा बघितली. ज्या आखाजीला मी ओरडले नाही, त्या आखाजीला त्यांनी पाहिलं होतं. विचारता आलं नव्हतं त्यांना. आणि भाकरीचं बोलले, ते नाशिकच्या बाईशी बोलले नव्हते.

जिजी माझ्यापुढे येऊन उभ्या राहिल्या. निरोप ऐकलास ना, म्हणाल्या. तव्यावरची भाकरी फुगली होती. मी ती उतरवली, ताटलीत ठेवली, जिजींच्या हातात दिली, आणि ओट्यावर ऐकू जाईल एवढ्या आवाजात बोलले. जेठ ओट्यावर असताना इतक्या मोठ्यानं मी या घरात कधीच बोलले नव्हते.

"त्यासले सांगा, घालसू. आनी म्हना, शहादाले जाताना बूट बदला. ते बी दूरथून वळखू येतस."

ओट्यावर अण्णा हसले. पोटातून, थांबून थांबून, रूपचंद हसायचे तसे. जिजी दोन्हीकडे बघून म्हणाल्या की उन्हात फिरून दोघांच्याही डोक्यावर परिणाम झालाय, आणि ताट घेऊन बाहेर गेल्या. मी दुसरी भाकरी थापायला घेतली.

थोड्या वेळानं बाहेरून आवाज आला. भिंतीला नाही, जिजींना नाही, सरळ दाराच्या फळीकडे.

"भाकर चांगली व्हयनी, माय."